किडनीतली साधी गाठ, घट्ट होणारा द्रव आणि लसणाचा वास

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे डॉक्टर छत्रपती संभाजीनगर इथे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे पडद्यावर बघत बारीक नळ्यांनी आतून उपचार करणारे डॉक्टर, आहेत.)

मागच्या अंकात ओघात एक ओळ लिहून गेलो होतो, की किडनीतल्या काही साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठी चाकू न लावता, रक्तवाहिनीतून द्रव सोडून आवरता येतात. त्या ओळीवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. मुतखड्यावर पान भरून लिहिलं होतं, तेव्हा कुणी ब्र काढला नाही. असो. आलेल्या पत्रांतली काही घेतो. नावं छापत नाही, गावं ठेवली आहेत.

गंगाखेड, जि. परभणी: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. पत्नीचं वय ४१. पित्ताचे खडे असतील म्हणून सोनोग्राफी केली. खडे नव्हते, पण उजव्या किडनीत गाठ निघाली. सीटी केला. रिपोर्टची झेरॉक्स सोबत जोडली आहे: ‘अँजिओमायोलायपोमा, ६.२ सेंमी, आत ७ मिमीचा अ‍ॅन्युरिझम.’ एका डॉक्टरांनी किडनी काढायला सांगितली. दुसरे म्हणाले, द्रव सोडून गाठ बंद करू. नातेवाईक म्हणतात, कॅन्सर नाही तर हात कशाला लावता? कुणाचं ऐकावं? आणि तो द्रव जन्मभर अंगात राहणार का?

गुरुजी, आधी नातेवाइकांना चहा पाजून वाटेला लावा. कॅन्सर नाही हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण म्हणून हात लावू नका, हे तुमच्या पत्नीच्या बाबतीत चालणार नाही.

ही गाठ तीन गोष्टींची बनलेली असते: रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी. किडनीतल्या कॅन्सर नसलेल्या भरीव गाठींमध्ये हीच सगळ्यांत जास्त सापडते, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. चरबी असते म्हणूनच ती सीटीवर ओळखू येते. सीटीत पाण्याला शून्य धरतात, चरबीचा आकडा शून्याच्या खाली जातो. तुमच्या झेरॉक्सवर तिसऱ्या ओळीत ‘उणे ७०’ लिहिलंय, ती चरबी. हा आकडा असल्यावर नाव नक्की करायला सहसा सुई घालून तुकडा काढावा लागत नाही.

चरबी बिचारी काही करत नाही. घात करतात त्या रक्तवाहिन्या. या गाठीतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड दिसल्या तरी त्यांत ताण सोसणारा लवचिक थर धड नसतो. मग एखाद्या ठिकाणी भिंत फुगते. तोच तुमच्या रिपोर्टातला अ‍ॅन्युरिझम. तो फुटला तर रक्त लघवीत येईलच असं नाही, ते किडनीभोवती, पोटाच्या मागच्या भागात साठत जातं. बाहेरून काही दिसत नाही. माणूस पांढरा पडतो, घामाने भिजतो, रक्तदाब खाली जातो. कुठलाही मार न लागता किडनीभोवती असा रक्तस्राव होण्याला वुंडरलिख सिंड्रोम म्हणतात. कार्ल वुंडरलिख या जर्मन डॉक्टरने १८५६ मध्ये त्याचं वर्णन केलं. (ताप मोजून तक्ते ठेवण्याची शिस्त दवाखान्यांना लावणारा आणि ३७ अंश हा निरोगी शरीराचा आकडा रूढ करणारा वुंडरलिख हाच.)

आता किती मोठी गाठ झाली की उपचार करायचा? ४ सेंमी हा आकडा तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. १९८६ च्या एका अमेरिकन अभ्यासानंतर तो रूढ झाला. पुढे २००२ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं, की गाठीच्या आकारापेक्षा आतला फुगा ५ मिमी किंवा त्याहून मोठा आहे का, यावरून फुटण्याचा अंदाज जास्त बरा येतो. त्यामुळे हल्ली नुसत्या ४ सेंमीवर घाई करत नाहीत. त्रास नाही, फुगा नाही, माणूस नियमित तपासणीला येतो, तर पाच सेंमीच्या गाठीवरही नजर ठेवून थांबणारे डॉक्टर आहेत, आणि त्यांचं चुकत नाही. तुमच्याकडे मात्र आकारही मोठा आणि फुगाही ७ मिमीचा. मी असतो तर थांबलो नसतो.

राहिला किडनी काढण्याचा सल्ला. ६ सेंमीच्या साध्या गाठीसाठी कामाची किडनी टोपलीत टाकायची, हे मला पटत नाही. बाई ४१ वर्षांची आहे. पुढे शुगर, बीपी, काय वाट्याला येईल ते कुणी सांगावं? आपल्याकडे साठीच्या आत डायलिसिसवर बसलेली माणसं कमी नाहीत. गाठ तेवढी काढून किडनी राखणारी शस्त्रक्रियाही होते, आणि कॅन्सरची शंका असेल तेव्हा तीच बरी. पण इथे निदान स्पष्ट आहे, गाठ रक्तवाहिन्यांनी भरलेली आहे. अशा वेळी एम्बोलायझेशन, म्हणजे गाठीला रक्त नेणाऱ्या फांद्या आतून बुजवणं, हा पहिला विचार असावा. दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका.

प्रत्यक्षात होतं काय? मांडीच्या सांध्याजवळ नाहीतर मनगटाजवळ जागा बधिर करून धमनीत बारीक नळी घालतात. ती पोटातल्या महाधमनीतून किडनीच्या धमनीच्या तोंडाशी नेतात. कॉन्ट्रास्ट, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारं औषध, सोडला की पडद्यावर किडनीचं झाड उभं राहतं: सरळ, नीट फुटलेल्या फांद्या. आणि एका कोपऱ्यात वेड्यावाकड्या, वेटोळ्या घातलेल्या रक्तवाहिन्यांचा पुंजका, त्यात मिरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका. तो पुंजका म्हणजे गाठ, तो ठिपका म्हणजे फुगा. मग पहिल्या नळीतून एक मिलिमीटरहून बारीक मायक्रोकॅथेटर पुढे सारत गाठीकडे जाणाऱ्या फांदीत नेऊन बसवायचा. खरं कसब इथवर पोचण्यात आहे. किडनीतल्या धमन्यांना एकमेकींचा आधार नसतो. एक फांदी बंद झाली की तिच्यावर जगणारा किडनीचा तुकडा मरतो. म्हणून चांगल्या फांदीच्या दोन पावलं पुढे जाऊनच द्रव सोडायचा.

पेशंट सहसा जागा असतो. औशाच्या एका मावशी टेबलावर छताकडे बघत पडून होत्या. गाठ निम्मी भरून झाली होती, तेव्हा त्यांनी विचारलं, “डाक्टर, सुरू कवा करू लालाव?”

द्रव राहणार का, तर हो. ग्लू किंवा ऑनिक्स (ही या द्रवांची नावं, पुढच्या उत्तरात सविस्तर येतील) आत घट्ट होतं आणि तिथेच राहतं, त्याने सहसा काही बिघडत नाही. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे सहा महिन्यांनी सीटी बघून तुम्ही चिडणार नाही. गाठ नाहीशी होत नाही. रक्तवाहिन्यांचा आणि स्नायूंचा भाग आक्रसतो, चरबी बरीचशी तशीच राहते. रक्त मिळेना, फुगा बंद झाला, गाठ आकसली, म्हणजे काम झालं.

तारीख मिळेपर्यंत एक सांभाळा. उजव्या कुशीत अचानक जोराची कळ आली, घेरी आली, अंग थंड पडलं, तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कंबरदुखीचं इंजेक्शन घेत बसू नका. सीटी आणि रक्तपेढी जिथे आहे तिथे थेट जा आणि दारातच सांगा, ‘किडनीत अँजिओमायोलायपोमा आहे.’ पत्नीचा रक्तगट आजच तपासून घ्या. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

लातूर: मी औषध कंपनीत प्रतिनिधी आहे. कॅथलॅबमध्ये, म्हणजे धमनीतून नळी घालून उपचार करतात त्या खोलीत, ये-जा असते. ग्लू, ऑनिक्स, अल्कोहोल, कॉइल, पीव्हीए कण, सगळ्यांची नावं ऐकतो. या गाठीसाठी नेमकं चांगलं काय? आणि ऑनिक्सच्या माहितीपत्रकावर मेंदूचा उल्लेख आहे, किडनीचा नाही. मग ते किडनीत कसं वापरतात?

दादा, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो कुणी विचारत नाही. ऑनिक्सला अमेरिकेत २००५ मध्ये परवानगी मिळाली ती मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या जन्मजात गुंत्यासाठी. ग्लूचंही तसंच, त्याला २००० मध्ये मेंदूसाठीच परवानगी मिळाली. किडनीत त्यांचा वापर डॉक्टर आपल्या अनुभवावर आणि छापून आलेल्या अभ्यासांच्या आधारावर करतात. हे लपवायचं काही नाही, सहीच्या कागदावर ते लिहिलेलं असावं आणि पेशंटला तोंडीही सांगितलेलं असावं.

आता पहिला प्रश्न. तुमच्या भागात शेतात ठिबक सगळ्यांनी पाहिलंय म्हणून त्याच भाषेत सांगतो. कॉइल ही धातूची बारीक वेटोळी तार. ती बसवणं म्हणजे सबमेनचा वॉल्व्ह बंद करणं. पुढच्या नळ्या मोकळ्याच राहतात, आणि शेजारून कुठे जोड मिळाली की पुन्हा ठिबकायला लागतात. शिवाय वॉल्व्हच बुजवला की परत आत जायची वाट बंद. द्रव मात्र नळ्यांच्या आत, पार ड्रिपरच्या तोंडापर्यंत जाऊन घट्ट होतो. अँजिओमायोलायपोमात आतला पुंजका आणि फुगा भरणं हाच उद्देश असतो, त्यामुळे द्रवाचं पारडं जड. कॉइलचा उपयोग आहे, पण एखादा मोठा फुगा भरायला किंवा चांगल्या फांदीकडे द्रव जाऊ नये म्हणून तिच्या तोंडाशी ठेवायला.

पीव्हीए कण, म्हणजे एका प्लास्टिकचे बारीक कण, वर्षानुवर्षं वापरले जातात आणि वाईट नाहीत. पण कण पडद्यावर दिसत नाहीत, सोबतचा कॉन्ट्रास्ट दिसतो. कुठे गेले त्याचा अंदाजच बांधायचा. पुढे वाट पुन्हा उघडण्याची शक्यता असते.

अल्कोहोल हा जुना आणि स्वस्त द्रव. शुद्ध इथेनॉल. ते रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरालाच जाळतं, त्यामुळे वाहिनी कायमची मिटते. पण टोचतंही तितकंच. भूल किंवा चांगली गुंगी न देता ते सोडणं मला क्रूर वाटतं. अल्कोहोल रक्तात मिसळून पुढे वाहून जातं आणि नुसतं सोडलं तर दिसत नाही, म्हणून त्यात लिपिओडॉल मिसळतात. लिपिओडॉल म्हणजे खसखशीच्या तेलाला आयोडिन जोडलेलं औषध, १९०१ मध्ये फ्रान्समध्ये तयार झालेलं. एवढं जुनं औषध अजून रोजच्या वापरात आहे. आणि हो, माळकरी पेशंट विचारतात, ‘म्हणजे दारूच का?’ रसायन तेच, पण तोंडाने घेत नाही, माळेला बाध नाही, असं मी सांगतो.

ग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. तुमच्या टेबलाच्या खणात फेविक्विक आहे ना, त्याच घराण्यातलं. शरीरात वापरतात त्याची जात वेगळी आणि ते निर्जंतुक असतं. रक्ताचा स्पर्श झाला की क्षणात घट्ट. त्यामुळे ग्लूचा दिवस असला की आमच्या खोलीत कुणी फारसं बोलत नाही. वेगळं छोटं टेबल, नवे हातमोजे, नवी सिरिंज. त्या टेबलावर सलाइन येऊ द्यायचं नाही, कारण मिठाच्या पाण्यानेही ते घट्ट होतं. नळी ५ टक्के डेक्स्ट्रोजने धुवायची. ग्लूमध्ये लिपिओडॉल मिसळतात, म्हणजे ते पडद्यावर दिसतं आणि घट्ट व्हायला थोडा जास्त वेळ घेतं. एकास दोन, एकास चार, गाठीतून रक्त किती जोरात वाहतंय त्यावर प्रमाण ठरतं. सोडायला काही सेकंद, आणि लगेच मायक्रोकॅथेटर मागे ओढायचा, नाहीतर तोही आतच चिकटतो. स्वस्त आहे, झटपट आहे, पण दुसरी संधी देत नाही.

ऑनिक्सचा स्वभाव उलटा. ते एक पॉलिमर आहे, डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवलेलं, आणि दिसावं म्हणून त्यात टॅन्टॅलम धातूची काळी पूड. दीड मिलिलिटरची बाटली, ती यंत्रावर किमान २० मिनिटं हलवावी लागते, नाहीतर पूड खाली बसते आणि अर्धा द्रव पडद्यावर दिसत नाही. मायक्रोकॅथेटरही डीएमएसओला टिकणाराच लागतो, काही प्लास्टिक त्यात विरघळतं. आधी नळीत डीएमएसओ भरायचं, मग द्रव, आणि तोही मिनिटाला साधारण ०.१६ मिलिलिटर अशा वेगाने. घाई केली की रक्तवाहिनी आकसते आणि पेशंट कळवळतो. पण याचा फायदा असा, की ते बाहेरून आत घट्ट होत जातं. मध्येच थांबता येतं, पडदा बघता येतो, मागे यायला लागलं तर थोडा दम खाऊन पुन्हा पुढे ढकलता येतं. काळी रेघ एकेका वेटोळ्यात शिरताना दिसते. फांद्या नाजूक आणि चांगली किडनी अगदी खेटून असेल, तर हा सावकाशपणा मोलाचा.

त्याचे तोटेही ऐका. ग्लूच्या कुपीपेक्षा एका बाटलीची किंमत कित्येक पट, आणि मोठ्या गाठीला एकाहून जास्त बाटल्या लागतात. टॅन्टॅलममुळे पुढच्या सीटीत त्या जागी चमकदार रेघा उमटतात आणि शेजारचं नीट दिसत नाही. फिल नावाच्या नव्या द्रवात टॅन्टॅलमऐवजी पॉलिमरलाच आयोडिन जोडलेलं असतं, त्यामुळे हलवायची भानगड नाही आणि सीटीही स्वच्छ येतो.

तर चांगलं काय? ज्याच्या हाताला जे बसलंय ते. ग्लूवर हात बसलेला डॉक्टर तुमच्या आग्रहामुळे पहिल्यांदा ऑनिक्स वापरणार असेल, तर माझ्या घरच्या माणसावर मी त्याला ग्लूच वापरायला सांगेन. मात्र द्रव कुठलाही असो, आधीच्या चित्रात धमनीतून थेट शिरेत जाणारी वाट दिसली तर सावध व्हायचं. त्या वाटेने द्रव फुप्फुसात जातो.

जालना: सासूबाईंच्या किडनीतल्या गाठीवर गेल्या महिन्यात असा द्रव सोडला. त्या माळकरी आहेत, कांदा-लसूण खात नाहीत. घरी आणलं तर दुसऱ्या दिवशी एकादशी, आणि त्यांच्या तोंडाला, अंगालाही लसणाचा भपकारा! दवाखान्यात काय खाऊ घातलं म्हणून घरात मोठा गदारोळ झाला. दोन दिवसांनी वास गेला. मग ताप आणि पाठदुखी. आता बऱ्या आहेत. हे सगळं काय होतं?

ताई, सासूबाईंची एकादशी मोडलेली नाही, हे त्यांना माझ्या वतीने सांगा. वर लिहिलेलं डीएमएसओ शरीरात गेलं की त्यापासून गंधकाचं एक वायुरूप संयुग बनतं आणि ते श्वासातून, त्वचेतून बाहेर पडतं. त्याचा वास हुबेहूब लसणासारखा. एक-दोन दिवसांत जातो. आमच्या वॉर्डातल्या सिस्टर वासावरूनच ओळखतात की आज ऑनिक्सची केस झाली. खरं तर हे डिस्चार्जच्या वेळी तुम्हाला सांगायला हवं होतं. माळकरी घरात तर आधीच.

तापाचं म्हणाल, तर रक्त तोडल्यावर गाठीतला भाग मरतो आणि शरीर त्याला प्रतिसाद देतं: ताप, कुशीत दुखणं, मळमळ, अन्नावरची वासना जाणं. पहिल्या आठवड्यात हे अपेक्षित आहे. पॅरासिटामॉल, मळमळीची गोळी, पाणी आणि आराम यांवर निभावतं. मोठी गाठ असेल तर काही डॉक्टर स्टिरॉइडचा छोटा कोर्स देतात. काळजी केव्हा करायची? आठवडा उलटूनही ताप चढतच असेल, हुडहुडी भरत असेल, लघवीला जळजळ होत असेल तेव्हा. मेलेल्या भागात पू झाला असेल तर तो सोनोग्राफीत दिसतो आणि नळी घालून काढावा लागतो. हे क्वचित घडतं, पण ‘द्रवाचाच ताप असेल’ म्हणून तिसऱ्या आठवड्यापर्यंत घरी बसू नये.

हिंगोली: सोनोग्राफीत डाव्या किडनीत १.४ सेंमीची ‘पांढरी गाठ’ दिसली. मी घाबरलो आहे. द्रव सोडून घेऊ का?

नको. एवढ्या गाठीत द्रव सोडण्यासारखं काही नसतं. मात्र सोनोग्राफीत पांढरी दिसली म्हणजे अँजिओमायोलायपोमाच, असं गृहीत धरू नका. किडनीचा छोटा कॅन्सरही कधी कधी तसाच पांढरा दिसतो. एकदा सीटी किंवा एमआरआय करून आत चरबी आहे ना, एवढं बघून घ्या. चरबी दिसली तर वर्षातून एकदा सोनोग्राफी, आणि बाकी दिवस सुखाने झोपा.

अंबाजोगाई, जि. बीड: माझा भाचा २३ वर्षांचा आहे. लहानपणापासून फिट्स येतात. नाकाच्या दोन्ही बाजूंना लालसर पुटकुळ्या आहेत, त्यावर पिंपल्सच्या क्रीम लावून झाल्या. आता दोन्ही किडन्यांत बऱ्याच गाठी निघाल्या, सगळ्यात मोठी ५ सेंमीची. सगळ्यांत द्रव सोडावा का?

हे वाचताना मला किडनीच्या आधी त्याचा चेहरा दिसला. फिट्स, नाकाच्या दोन्ही बाजूंच्या पुटकुळ्या आणि दोन्ही किडन्यांत गाठी: ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा जनुकीय आजार असण्याची दाट शक्यता आहे. पाठीवर, पोटावर पानाच्या आकाराचे फिकट डाग आहेत का बघा. त्या पुटकुळ्या पिंपल्स नव्हेत, क्रीम बंद करा. टीएससी१ किंवा टीएससी२ या जनुकातल्या दोषाने हे होतं. आई-बापात कुणाला नसतानाही बऱ्याच मुलांत तो दोष नव्याने येतो, तेव्हा घरात कुणी कुणाला बोल लावू नये. नात्यातलं लग्न, ग्रहण, काहीही कारण नाही.

अशा मुलात गाठी एकेक करून बुजवत बसणं शहाणपणाचं नाही. नव्या येत राहतात, आणि दर वेळी किडनीचा थोडा भाग जातो. त्याच्यासाठी गोळी आहे: एव्हेरोलिमस. या आजारातल्या किडनीच्या गाठींसाठी अमेरिकेत २०१२ मध्ये तिला मान्यता मिळाली. रक्तस्राव होत नाही, पण गाठी ३ सेंमीहून मोठ्या आणि वाढत आहेत, अशांना आधी ही गोळी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. गाठी आकसतात. तोंड येणं, जंतुसंसर्ग, कोलेस्टेरॉल वाढणं हे तिचे त्रास, आणि बंद केली की गाठी पुन्हा वाढतात. महाग आहे, वर्षानुवर्षं घ्यावी लागते, हे गोड करून सांगता येणार नाही. रक्तस्राव झाला तर मात्र गोळीची वाट बघायची नाही, तेव्हा द्रव सोडणं हाच पहिला उपाय. किडनी काढायला कुणी सांगितलं तर सही करण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाला विचारा. या मुलांना दोन्ही किडन्या जपून वापरायच्या असतात. त्याला न्यूरॉलॉजिस्टकडेही न्या, मेंदूचा एमआरआय लागेल.

उमरगा, जि. धाराशिव: मुलीला ४.५ सेंमीचा अँजिओमायोलायपोमा आहे. लग्नाला वर्ष झालं, बाळाचा विचार चालू आहे. आधी उपचार की आधी बाळ?

आधी उपचार. गरोदरपणात या गाठी वाढू शकतात आणि फुटण्याची भीतीही वाढते, आणि त्या वेळी क्ष-किरणांखाली काम करणं आईला, बाळाला आणि डॉक्टरांनाही जड जातं. एम्बोलायझेशन करून घ्या, नंतरच्या तपासणीत रक्तपुरवठा बंद झाल्याची खात्री होऊ द्या, मग बाळाचा विचार करा. मधल्या काळात पाळणा लांबवायला इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या नकोत, स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठीबद्दल सांगून दुसरा उपाय विचारा. मुलीला थोडं चालल्यावरही दम लागत असेल तर तेही सांगा. बायकांत या गाठीबरोबर कधी कधी फुप्फुसाचा एक आजार असतो.

वसमत, जि. हिंगोली: वडिलांच्या गाठीवर द्रव सोडायचा आहे. वय ६३, शुगर आहे, क्रिएटिनिन १.६. योजनेत बसेल का? नंतर किती वेळा सीटी करावा लागेल?

योजनेचं आधी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुठल्या रुग्णालयाला कुठलं पॅकेज मंजूर आहे, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारल्याशिवाय कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. भरती होण्याआधी विचारा, रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन जा. एक अडचण येते. कॅथलॅब म्हटलं की आपल्याकडे हृदयाची अँजिओप्लास्टी एवढंच डोळ्यांपुढे येतं. कॅथलॅब असलेल्या प्रत्येक ठिकाणी किडनीचं हे काम करणारा माणूस असतोच असं नाही. ‘तुमच्याकडे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहेत का, आणि किडनीचं एम्बोलायझेशन करतात का?’ असं स्पष्ट विचारा. द्रवाची बाटली पॅकेजमध्ये धरली आहे की बाहेरून आणायची, हेही तेव्हाच. नाहीतर वडील टेबलावर आणि तुम्ही मेडिकलच्या काउंटरवर, अशी गत होते.

क्रिएटिनिन १.६, म्हणजे किडनीचं काम थोडं मंदावलेलं, आणि वर शुगर, तेव्हा कॉन्ट्रास्ट जपून. डॉक्टर तो कमीत कमी वापरतील, आदल्या रात्रीपासून सलाइन लावतील. मेटफॉर्मिन घेत असतील तर ती कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची, ते लिहून घ्या. गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक किंवा तत्सम गोळ्या खात असतील तर आजपासून बंद. आणि हे काम मे महिन्यात करायचं असेल, तर उन्हातून एसटीने येऊन सुकलेल्या अंगाने तडक टेबलावर जाऊ नका. आदल्या दिवशी भरती व्हा. काम झाल्यावर क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासायचं.

नंतरची पहिली तपासणी तीन ते सहा महिन्यांनी, मग सगळं ठीक असेल तर वर्षातून एकदा. तुमच्या वडिलांना मी सीटीऐवजी एमआरआय सांगेन. कॉन्ट्रास्ट न देताही गाठीचा आकार नीट मोजता येतो आणि टॅन्टॅलमच्या रेघांचा त्रास होत नाही. आत घट्ट झालेला द्रव एमआरआयच्या चुंबकाला ओढला जात नाही, तेव्हा ती भीती नको. गाठ पुन्हा वाढली किंवा नवी फांदी फुटली, तर दुसऱ्यांदा द्रव सोडता येतो. काहींना लागतो, त्यात पहिलं काम फसलं असं समजू नये.

येताना जुन्या सीटीची सीडी आणा, नुसता कागदी रिपोर्ट नको. मोबाइलवर फोटो काढून पाठवलेल्या फिल्मवरून फुगा ४ मिमीचा आहे की ७ चा, ते कुणालाच सांगता येत नाही.